उजेड बघून दिवस आखा: शहरातली बाग, व्ह्यू पॉइंट आणि जुनं घर

नवीन शहरात एकच दिवस हातात असला की बहुतेक जण नकाशा उघडतात, जवळजवळची ठिकाणं एका माळेत ओवतात आणि निघतात. अंतराचा हिशेब बरोबर जमतो. पण टेकडीवर पोचतात ते भर दुपारी, आणि समोर शहराच्या जागी पांढुरका पडदा असतो. संग्रहालय म्हणून जपलेल्या जुन्या घराशी जातात तोवर शेवटचा प्रवेश देऊन झालेला असतो, आणि बागेत शिरावं तर रखवालदार लोकांना बाहेर काढत असतो. या तिन्ही ठिकाणांना अंतरापेक्षा उजेडाचं गणित जास्त लागू पडतं. व्ह्यू पॉइंटवर सूर्य आपल्या पाठीशी हवा. जुन्या घरात उजेड मुद्दाम अडवलेला असतो. बाग दुपारच्या उन्हातून सोडवते, पण अंधार पडला की बरीचशी उद्यानं फाटक लावतात.

म्हणून आखणीचा क्रम असा ठेवा. आधी व्ह्यू पॉइंटचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते नकाशावर बघा. त्यावरून चढायची वेळ ठरते. मग जुन्या घराच्या प्रवेशाची वेळ पक्की करा, कारण ती आपल्या हातात नसते. मग जी वेळ उरेल तिथे बाग बसवा. तिन्हींतलं एकेकच ठिकाण घ्यायचं. एका दिवसात दोन जुनी घरं पाहिली की दुसऱ्यातलं काही लक्षात राहत नाही, आणि संध्याकाळी पहिल्या घराचा जिनाही दुसऱ्याच्या दिवाणखान्यात जाऊन बसतो.

व्ह्यू पॉइंट: सूर्य पाठीशी, हवा धुतलेली

धुळीने माखलेली खिडकीची काच आठवून बघा. ऊन समोरून येत असेल तर काचेवरचा कणन् कण चमकतो आणि पलीकडचं दिसत नाही. तेच ऊन आपल्या मागून येत असेल तर काच जवळजवळ स्वच्छ वाटते. शहरावरच्या हवेचं असंच आहे. हवेतले बारीक कण उजेड पुढच्या दिशेला जास्त फेकतात, त्यामुळे सूर्याच्या बाजूला बघताना इमारतींचे रंग आणि कडा धुऊन जातात. शहर टेकडीच्या पूर्वेला असेल तर दुपार कलल्यावर चढा, पश्चिमेला असेल तर सकाळी. कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या शहरात दृश्य उत्तरेला असेल तर कुठलीही वेळ चालते. दृश्य दक्षिणेला असलं की भर दुपार टाळायची, विशेषतः हिवाळ्यात, कारण तेव्हा सूर्य खालून, थेट डोळ्यांवर येतो.

पहाटे हवा स्वच्छ असते ही समजूत हिवाळ्यात फसवते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन थंड पडते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन तळाशी बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. धूर, धूळ, धुकं सगळं त्या झाकणाखाली कोंडून राहतं. सूर्योदयाला पोचलेल्या माणसाला मग शहराऐवजी करडी चादर दिसते. जमीन तापली की झाकण मोडतं, त्याला सूर्योदयानंतर दोन-तीन तास तरी जातात. हिवाळ्यात दृश्य पश्चिमेला असलं तर दहा-साडेदहाची वेळ पहाटेपेक्षा सरस. वारा असलेले दिवस आणि पाऊस पडून गेल्यानंतरचा काळ, हे दोन्ही कुठल्याही ऋतूत सोन्यासारखे.

घरून निघण्याआधी हवा कशी आहे हे कळायला जवळच्या विमानतळाचा हवामान अहवाल बघा. त्याला मेटार (METAR) म्हणतात. तो तासा-अर्ध्या तासाला निघतो आणि इंटरनेटवर मोफत मिळतो. वाऱ्याच्या आकड्यांनंतर चार आकडी संख्या येते, ती मीटरमधली दृश्यमानता. ९९९९ म्हणजे १० किलोमीटर किंवा जास्त. ३००० असेल तर तीन किलोमीटरपलीकडचं काही दिसणार नाही, चढण्यात अर्थ नाही. आकड्याऐवजी ‘कॅव्होक’ (CAVOK, म्हणजे दृश्यमानता चांगली आणि अडचणीचे ढग नाहीत) हा शब्द असेल तर निर्धास्त निघा. अमेरिकेतल्या अहवालांत हीच गोष्ट मैलांत असते.

उंचीचा मोह मात्र आवरा. क्षितिज किती लांब, याचं सोपं गणित आहे: आजूबाजूच्या सपाटीपासूनच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ घ्या आणि ३.५७ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. ६० मीटरच्या टेकाडावरून सुमारे २८ किलोमीटर, १०० मीटरवरून ३६, २५० मीटरवरून ५६. म्हणजे छोट्या टेकाडावरूनही अख्खं शहर नजरेच्या टप्प्यात असतं. अडवते ती हवा. शिवाय फार उंचावरून शहराचा नकाशा होतो. घरांची छपरं, गल्ल्यांची वळणं, गच्चीवर वाळत घातलेले कपडे ओळखू येतात ते मध्यम उंचीवरूनच. उत्तुंग मनोरा आणि साधी टेकडी यांत निवड करायची झाली तर आमचं मत टेकडीला.

चढायला किती वेळ लागेल, हे स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या नियमाने काढा. सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि वर दर १०० मीटर चढाला १० मिनिटं जास्त. तीन किलोमीटरची वाट आणि दीडशे मीटर चढ असेल तर ३६ अधिक १५, म्हणजे ५१ मिनिटं. यात थांबणं धरलेलं नाही. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर दीडपट धरा. वळणवाट सोडून सरळ उतारावरून शॉर्टकट मारू नका. तिथली माती सुटते, पुढच्या पावसात तिचा ओहोळ होतो, आणि बहुतेक घसरापडीही अशाच जागी होतात.

वर पोचलं की लगेच फोटो काढायला न लागता आधी नकाशा दिशेला लावा. कागदी नकाशा असेल तर उत्तम, फोनचा असेल तर उत्तर वर ठेवून लॉक करा, नाहीतर तो हाताबरोबर फिरत राहतो. प्रथम तीन मोठ्या गोष्टी शोधा: पाणी, रेल्वेचे रूळ आणि सर्वांत मोठा हिरवा पट्टा. त्या सापडल्या की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. दोन खुणांमधलं अंतर मोजायला हात लांब ताणून मूठ धरा. मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते, करंगळीची १ अंश. नकाशावर घंटाघर ईशान्येला असेल आणि मनोरा त्याच्या उजवीकडे २० अंशांवर, तर दोन मुठी सरकलात की मनोरा सापडलाच पाहिजे. दुर्बीण घ्यायची तर ८ पट मोठं दाखवणारी. १० पटीची हातात धरून हलते, आणि लांबचं मोठं पण थरथरतं दिसण्यापेक्षा थोडं लहान पण स्थिर दिसलेलं बरं.

लंडनच्या रिचमंड पार्कमधला किंग हेन्रीज माउंड हा छोटा उंचवटा या सगळ्याचा नमुना आहे. तिथे हॉली नावाच्या काटेरी पानांच्या झुडपाच्या कुंपणात एक भोक ठेवलेलं आहे. त्याला डोळा लावला की झाडांमधून कापलेली एक अरुंद पट्टी दिसते आणि तिच्या टोकाला, १६ किलोमीटरवर, सेंट पॉल्स कॅथीड्रलचा घुमट. ही नजरेची वाट कायद्याने राखलेली आहे. घुमट पूर्वेच्या बाजूला असल्यामुळे सकाळी जाणाऱ्याला धूसर ठिपका मिळतो आणि दुपारनंतर जाणाऱ्याला घुमटावरचं ऊन.

सूर्यास्त पाहायचा असेल तर तासभर आधी पोचा आणि नंतर निदान अर्धा तास थांबा. शहर सर्वांत देखणं दिसतं ते सूर्य बुडाल्यावर, आकाश निळं असतानाच दिवे लागतात तेव्हा. ही वेळ विषुववृत्ताजवळ वीस-बावीस मिनिटांत संपते; लंडन-एडिनबरासारख्या उत्तरेकडच्या शहरांत पस्तीस-चाळीस मिनिटं किंवा जास्त टिकते. ताणलेल्या हाताची बोटं सूर्य आणि क्षितिजामध्ये आडवी धरायची आणि दर बोटाला १५ मिनिटं मोजायची, असं सर्रास सांगतात. तो हिशेब उत्तरेकडे कसाबसा जमतो. विषुववृत्ताच्या जवळपास सूर्य सरळ खाली पडतो, तिथे एका बोटाला सात-आठ मिनिटंच धरा, नाहीतर उतरताना अंधारात सापडाल. टॉर्च फोनपेक्षा वेगळा ठेवा. दिवसभर नकाशा आणि फोटो झाल्यावर फोनची बॅटरी नेमकी उतारावर संपते.

मनोऱ्यावर काच असेल तर फोनची लेन्स काचेला टेकवा आणि भोवती गडद कापड धरा, म्हणजे मागच्या दिव्यांचं प्रतिबिंब येत नाही. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर उघड्या टेकडीवरून उतरायला लागा. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी गेले तर ती १० किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे धोक्याच्या टप्प्यात. एकट्या झाडाखाली आडोसा घेऊ नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाईपर्यंत परत चढू नका.

जुनं घर: डोळे सरावू द्या

तिकीट काढताना चार गोष्टी वाचा. साप्ताहिक सुट्टी कधी (सोमवार सर्वांत जास्त आढळतो), शेवटचा प्रवेश कधी (बंद होण्याआधी अर्धा ते एक तास), आत मोकळं फिरता येतं की मार्गदर्शकाबरोबरच, आणि जिने कसे आहेत. नाझींपासून लपून राहताना रोजनिशी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकच्या ॲमस्टरडॅममधल्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन आणि ठरलेल्या वेळेची मिळतात. दारात उभं राहून काही उपयोग नाही. न्यूयॉर्कच्या टेनेमेंट म्युझियममधली १८६३ ची चाळवजा इमारत फक्त मार्गदर्शकाबरोबर पाहता येते. लंडनचं वास्तुविशारद सर जॉन सोन यांचं घर १८३३ च्या कायद्याने जसंच्या तसं राखलेलं आहे. तिथे खोल्या इतक्या लहान आणि भरगच्च आहेत की एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात. जुन्या माड्यांच्या तुळया घरातल्या दहा-बारा माणसांसाठी घातलेल्या असतात, शंभर जणांच्या जथ्यासाठी नाही. म्हणून शक्य तर दिवसाची पहिली वेळ घ्या. गर्दी कमी असते आणि मार्गदर्शकाचा आवाजही ताजा असतो.

वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचून घर बाहेरून वाचा. प्रत्येक मजल्याच्या खिडक्यांची उंची बघा. सर्वांत उंच खिडक्यांचा मजला मालकांचा, छपरालगतच्या बुटक्या खिडक्या नोकरांच्या. इंग्लंडमध्ये काही घरांच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या दिसतात. तिथे १६९६ ते १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता, आणि तो वाचवायला अनेकांनी उजेडच बंद करून टाकला. काही ठिकाणी मात्र दर्शनी भाग जुळावा म्हणून खिडकी मुळातच आंधळी ठेवलेली असते, तेव्हा विचारून खात्री करा. ॲमस्टरडॅममध्ये छपराच्या टोकाला बाहेर आलेली तुळई आणि आकडा दिसेल. जिने इतके अरुंद की सामान आकड्याला बांधून खिडकीतून वर ओढत.

आत गेल्यावर पहिल्या खोलीत घाई करू नका. बाहेर लख्ख उन्हात उजेड १ लाख लक्सपर्यंत असतो (लक्स हे उजेड मोजायचं एकक). आत कापड, कागद आणि जलरंगांसाठी तो साधारण ५० लक्सवर ठेवतात, तैलचित्रं आणि लाकडासाठी २०० च्या आसपास. उजेडाने झालेली इजा साठत जाते आणि भरून येत नाही. रेशमी पडद्याचा उडालेला रंग परत आणता येत नाही, म्हणून खिडक्यांना झडपा. आपल्या डोळ्यांना त्या मंद उजेडाची सवय व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ दालनातच काढा, तिकीट-पिशव्यांचं काम तिथेच उरका. जे लगेच पुढे जातात त्यांना पहिल्या दोन खोल्या काळोख्या आणि कंटाळवाण्या वाटतात, आणि बहुतेक घरांत उत्तम खोल्या त्याच असतात.

प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यात क्षणभर थांबा आणि अख्खी खोली एकदा बघा. पाटी नंतर वाचा. मग शक्य असेल तिथे गुडघ्यात वाकून, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा. बैठकीच्या खोल्या बसणाऱ्यांसाठी मांडलेल्या असतात. उभ्याने पाहिल्यावर चित्रं उगाच खाली टांगल्यासारखी वाटतात. दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर आरसा दिसला तर तो नटण्यासाठी नाही. दिवसा खिडकीचा आणि रात्री मेणबत्तीचा उजेड खोलीत परत फेकायला तो तिथे असतो. चित्रचौकटींचा सोनेरी मुलामाही तेच काम करतो. विजेच्या झगझगाटात भडक वाटणारं सोनं मंद उजेडात एकदम शहाणं दिसायला लागतं.

झीज शोधा. मधोमध खोलगट झालेली पायरी, गुळगुळीत झालेला कठडा, कुलपाभोवती खरवडलेलं लाकूड. मुख्य जिना पाहिला की मागचा जिना कुठे आहे ते विचारा. तो अरुंद, उभा आणि साध्या लाकडाचा असतो, आणि घर प्रत्यक्षात चालत होतं ते त्याच्यावर. स्वयंपाकघर बहुतेक मार्गात शेवटी येतं, तेव्हा माणसं दमलेली असतात आणि तिथून झपाट्याने निघून जातात. त्याच्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवा. चुलीची जागा, पाणी कुठून येत होतं, राख कुठून बाहेर जात होती, हे तीन प्रश्न धरले की घराचा सगळा दिनक्रम उलगडतो.

मार्गदर्शकाला विचारायचा सर्वांत मोलाचा प्रश्न एकच: या खोलीतलं मूळचं काय? जुन्या घरात तीन प्रकारच्या वस्तू असतात. त्याच घरात वापरलेल्या, त्या काळातल्या पण दुसरीकडून आणलेल्या, आणि नव्याने केलेल्या नकला. तिन्हींना जागा आहे, पण कुठली कोणती हे कळल्याशिवाय खोली खरी बोलत नाही. कधी रिकामी खोलीच सर्वांत खरी असते. ॲन फ्रँकच्या घराचा मागचा लपण्याचा भाग तिच्या वडिलांच्या, ऑटो फ्रँक यांच्या इच्छेनुसार सामानाविना ठेवलेला आहे.

नियमांमागची कारणं कळली की ते पाळणं सोपं जातं. हाताच्या घामातलं मीठ आणि तेल पितळेला डाग पाडतं आणि मुलामा उचलतं. पाठीवरच्या सॅकला डोळे नसतात. वळताना तीच फुलदाणीला लागते, म्हणून ती पुढे घ्या किंवा दारात ठेवा. टोकदार टाचेचे बूट लाकडी जमिनीत खड्डे पाडतात, कारण ६० किलोचं वजन एका चौरस सेंटीमीटरवर येतं. तळव्यात रुतलेला खडाही ओरखडा काढत जातो, त्यामुळे पायपुसण्यावर पाय खरोखर पुसा. फ्लॅश मारला तर आरशात आणि वार्निशवर पांढरा डाग उमटतो, फोटोही वाया जातो.

एका घराला तास ते दीड तास पुरे. संग्रहालयात येणारा थकवा हा वेगळाच असतो. बोस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये त्याच्यावर लिहिताना दाखवलं की खाली-वर ठेवलेल्या वस्तू पाहण्यासाठी सारखं वाकावं आणि ताणावं लागतं, त्याने माणूस दमतो. चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त थकवतं. म्हणून घरानंतर लगेच बाग.

बाग: लांबच्या फाटकाने शिरा

बागेत शिरताना अशा फाटकाने शिरा की बाहेर पडाल ते पुढच्या ठिकाणाच्या बाजूला. उताराची बाग असेल तर वरून खाली या. मोठ्या उद्यानांमधल्या वाटा मुद्दाम वळवलेल्या असतात, टोक दिसू नये म्हणून. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी १८५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला तेव्हा शहराची वाहतूक नेणारे चार आडवे रस्ते जमिनीच्या पातळीखाली घातले. आजही वरून चालणाऱ्याला गाड्या फारशा दिसत नाहीत. या वळणांत माणूस हमखास चुकतो. ८४३ एकरांच्या त्या बागेत उपाय दिव्याच्या खांबावर आहे. खांबावरच्या छोट्या पट्टीवर चार आकडे असतात. पहिले दोन जवळच्या रस्त्याचा क्रमांक सांगतात आणि शेवटचा आकडा सम असेल तर तुम्ही पूर्वेच्या बाजूला, विषम असेल तर पश्चिमेच्या. इतर बागांत असे आकडे नसतील तर शिरताना फाटकावरच्या नकाशाचा फोटो काढून ठेवा.

काही बागांत व्ह्यू पॉइंटचंही काम होऊन जातं. पॅरिसचं ब्युत-शोमाँ उद्यान जिप्समच्या जुन्या खाणींवर उभं केलं आणि १८६७ मध्ये उघडलं; तिथल्या कड्यावरच्या छोट्या मंडपातून शहर दिसतं. मॉन्ट्रियलचा माँ-रोयाल हा २३३ मीटरचा डोंगरच बाग आहे. दिवस लहान असेल तर अशी जागा निवडा.

फाटक बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, आणि काचघरं फाटकाच्या बरीच आधी बंद होतात. म्हणून काचघर पहिलं. हरणं मोकळी असतील तर ५० मीटर अंतर राखा, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरच्या माजाच्या काळात. कडक उन्हाळ्यात, वारा अजिबात नसताना, मोठ्या जुन्या झाडाची जाड फांदी अचानक तुटून पडू शकते. तेव्हा सतरंजी टाकायची ती थेट आडव्या फांदीखाली नको, झाडाच्या सावलीच्या कडेला टाका.

दिवस बसवायचा कसा

दृश्य पश्चिमेला असेल तर साडेआठ-नऊला टेकडी (हिवाळ्यात दहा), साडेअकराला घर, दोनपासून बाग. पूर्वेला असेल तर दहाला घर, बाराला बाग आणि जेवण, साडेतीननंतर चढाई आणि सूर्यास्तानंतर दिवे लागेपर्यंत वर. बरोबर माणशी लिटरभर पाणी, पातळ वाऱ्याचं जाकीट, मऊ तळव्याचे बूट, टॉर्च आणि कागदी नकाशा. सॅक लहानच घ्या. मोठी सॅक ठेवायला प्रत्येक घरात जागा असतेच असं नाही.

सकाळपासून पाऊस असेल तर दिवस रद्द करू नका, क्रम उलटा करा. घराची वेळ बदलून मिळत असेल तर ती पावसात घ्या आणि छत्री दारातच ठेवा, ओली छत्री आत नेऊ देत नाहीत. पाऊस थांबला की बाग सोडून द्या आणि थेट टेकडी गाठा. पायवाटेवरचा दगड ओला असतो, उतरताना पाऊल आडवं टाका. पण हवेतली धूळ खाली बसलेली असते, आणि पुढचा तास-दोन तास क्षितिज जितकं जवळ येतं तितकं एरवी क्वचितच येतं.